एकोणीस ओव्या आणि दुसरी डिस्क

कॉम्प्युटरचा डबा मी स्वतः उघडला, वायर मी काढली आणि दुसऱ्या डिस्कवर जुनी सिस्टीम मीच टाकली. हे आधीच सांगून टाकते, कारण ऐकणारा प्रत्येक जण म्हणतो, "मुलीने करून दिलं असेल ना?" नाही हो! मुलगी मुलुंडला, तिच्या घरी, फोनवर. ती मोठी सॉफ्टवेअरवाली, पण आयुष्यात तिने कॉम्प्युटरचं झाकण उघडलेलं नाही. मी उघडलं. वय वर्षं एकोणसाठ, दोन्ही गुडघे कुरकुरतात, चष्मा कपाळावर ठेवून घरभर चष्मा शोधणारी बाई मी. म्हणाल, किती फुशारकी मारते. मारणारच. माझ्या धंद्याच्या सव्वीस वर्षांत पहिल्यांदा संधी मिळालीये.

चारकोपला सेक्टरमध्ये तळमजल्यावर आमचं घर. पुढच्या खोलीत माझं डीटीपीचं काम चालतं, म्हणजे एक टेबल, एक कॉम्प्युटर, एक प्रिंटर आणि गिऱ्हाइकाला बसायला दोन स्टुलं. लग्नपत्रिका, सोसायटीच्या नोटिसा, गावकरी मंडळाच्या स्मरणिका, शाळेच्या प्रश्नपत्रिका. आमच्या भागात मराठीत काही छापायचं म्हटलं की ते आधी माझ्या बोटांखालून जातं. नवरा रिटायर झाल्यापासून त्याच खोलीत पेपर वाचत बसतो आणि येणाऱ्याला मालवणीत सांगतो, "बसा, होतला." काम मी करते, आश्वासनं तो देतो.

आता जुनी सिस्टीम कशाला हवी होती ते सांगते. आम्ही जुने डीटीपीवाले ज्या सॉफ्टवेअरवर मराठी टाइप करायचो, त्याची फाईल त्याच सॉफ्टवेअरमध्ये उघडते. दुसरीकडे उघडली तर मराठीच्या जागी नुसती इंग्रजी अक्षरं, कंस आणि चिन्हं. त्या सॉफ्टवेअरला एक लॉक येतं, अंगठ्याएवढं, कॉम्प्युटरच्या मागे खोचायचं. ते खोचलेलं असेल तरच चालणार. पाच वर्षांपूर्वी माझा जुना कॉम्प्युटर बसला. नवा घेतला, त्यात नवी सिस्टीम, आणि तिला ते लॉक ओळखूच येईना. मी जुन्या फाईली नव्या कॉम्प्युटरवर आणून ठेवल्या, नवं काम नव्या फॉन्टमध्ये सुरू केलं आणि मागचं मागे सोडलं. पंचवीस वर्षांपूर्वीची लग्नपत्रिका परत कोण मागायला येणार? ती जोडपी आता मुलांसाठी स्थळं बघतायत.

पण एक फाईल माझ्या मनातून कधी गेली नाही.

दहिसरला एक गृहस्थ राहतात. सरकारी हॉस्पिटलात वॉर्डबॉय होते, आता रिटायर. मी त्यांना दादा म्हणते, ते मला ताई. वीस वर्षांपूर्वी ते एक शंभर पानी वही घेऊन माझ्याकडे आले. त्यांच्या आईच्या जात्यावरच्या ओव्या त्यांनी लिहून घेतल्या होत्या. त्यांच्या विहारात कार्यक्रम होता, तिथे वाटायला छोटं पुस्तक करायचं होतं. मी टाइप करून दिलं, आणि प्रूफ वाचायला ते आईलाच घेऊन आले.

आजी शाळेत गेलेली नाही. दादा मोठ्याने वाचत होते आणि ती डोळे मिटून ऐकत होती. एखादा शब्द चुकला की हात वर करायची, दादा थांबायचे, मी दुरुस्त करायचे. सगळं वाचून झालं तशी ती स्टुलावर पाय वर घेऊन बसली आणि म्हणाली, "ह्या समद्या गावाकडच्या झाल्या. हितल्या कुटं हायेत?"

दादा म्हणाले, "इथल्या कुठल्या आये?"

"कामावरच्या. घमेल्याच्या."

मुंबईत आल्यावर आजीने पंधरा वर्षं बांधकामावर बिगारी केली होती. कांदिवली, बोरिवली, आमचं चारकोप. इथल्या कितीतरी बिल्डिंगांची वाळू-सिमेंट तिच्या डोक्यावरून वर गेलेली. जातं गावाला राहिलं, पण बाई ओव्या रचायची काही थांबली नव्हती. डोक्यावर घमेलं, पायाखाली बांबूची परांची, आणि मनातल्या मनात ओवी. पोटच्या मुलाला पत्ता नाही. का सांगितलं नाहीस असं विचारल्यावर म्हणाली, "त्या काय ओव्या म्हनायच्या? मुकादमाला कळलं असतं तर रोज कापला असता."

मग ती सांगत गेली आणि मी थेट कॉम्प्युटरवर टाइप करत गेले. कागद नाही, पेन नाही.

घमेलं माझ्या डोई, चढते मी तिसरा माळा
खाली वाळूत खेळतो गं, माझ्या काळजाचा गोळा

तो वाळूत खेळणारा गोळा माझ्या शेजारच्या स्टुलावर बसला होता, चाळिशी ओलांडलेला, हातात रुमाल. मी त्यांच्याकडे बघितलं नाही, स्क्रीनकडेच बघत राहिले. अशा एकोणीस ओव्या झाल्या. त्या दिवशी दुपारी मला माझ्या कामाचा जो अभिमान वाटला होता ना, तसा पुढे किती वर्षं वाटला नाही. लग्नपत्रिका काय, कुणीही करेल.

आणि मग मी काय केलं? छापखान्याला चुकीची फाईल दिली. फोल्डरमध्ये दोन होत्या, एक वहीवरून केलेली आणि एक आजीच्या एकोणीस घातलेली. सीडीवर गेली ती पहिली. सीझन होता, पत्रिकांची घाई होती, वगैरे वगैरे. ही कारणं मी स्वतःला इतक्या वेळा सांगितलीत की मलाच आता कंटाळा आलाय.

विहारातल्या कार्यक्रमाला मला बोलावलं होतं. पुस्तकांचा गठ्ठा तिथेच फोडला. मी एक प्रत चाळली, तर त्या एकोणीस ओव्या त्यात नव्हत्याच. समोर दादा, त्यांच्याही हातात प्रत, त्यांचाही चेहरा उतरलेला. तेवढ्यात आजीने मला हाक मारून शेजारी बसवलं. पुस्तक दोन्ही हातांत धरलं, वरून हात फिरवला आणि विचारलं, "माझ्या घमेल्याच्या आल्या का गं ह्याच्यात?"

चाळिशीला टेकलेली बाई मी, स्वतःला मोठी सडेतोड समजणारी. म्हटलं, "आल्या आजी."

दादांनी ऐकलं. नंतर बाहेर चपला घालताना म्हणाले, "जाऊ द्या ताई, दुसऱ्या आवृत्तीत घालू." ओरडले असते तर बरं वाटलं असतं. वीस वर्षांत ते किती वेळा माझ्याकडे आले, मुलीच्या लग्नाची पत्रिका, नातवाच्या वाढदिवसाचा बॅनर, सगळं माझ्याचकडे. त्या विषयावर अवाक्षर नाही. माणूस असा गप्प राहिला की जास्त लागतं.

गेल्या वर्षी दिवाळी झाल्यावर ते आले. बसले नाहीत, उभ्यानेच म्हणाले, "ताई, आई नव्वदीच्या पुढे गेली. दुसरी आवृत्ती काढतोय. त्या एकोणीस आहेत ना तुमच्याकडे? तिला विचारून बघितलं, जात्यावरच्या एखाद-दोन अजून म्हणते. त्या नाही आठवत तिला."

म्हणजे जगात त्या एकोणीस ओव्या फक्त माझ्या कॉम्प्युटरमध्ये उरल्या होत्या, आणि माझा कॉम्प्युटर त्या मला वाचू देत नव्हता. मी म्हटलं, "आहेत. देते." कशी देणार ते मला ठाऊक नव्हतं, पण दुसऱ्यांदा त्या माणसासमोर मान खाली घालायची माझी तयारी नव्हती.

रिपेरिंगवाल्याकडे गेले. तो म्हणाला, "मशीन सोडून जा मॅडम, जुनी सिस्टीम टाकून देतो. फक्त आतलं सगळं फॉरमॅट होईल." फॉरमॅट म्हणजे सगळं पुसून टाकणार, आणि हे असं सांगतोय जसा काही फरशीच पुसायला निघालाय. मी त्याला तिथेच झापलं आणि घरी येऊन मुलीला फोन लावला.

मुलगी म्हणाली, "आई, तुझ्या डब्यात दुसरी हार्ड डिस्क आहे ना, बॅकअपसाठी घेतलेली? रिकामीच पडलीये. तिच्यावर जुनी सिस्टीम टाकता येईल. एका कॉम्प्युटरमध्ये दोन सिस्टीम. चालू करताना आपण निवडायचं, कुठली हवी ती."

"मग ये आणि टाक."

"या रविवारी नाही गं जमत. पुढच्या नाहीतर त्याच्या पुढच्या. आणि तोपर्यंत तू हात लावू नकोस हां."

तिचा पुढचा रविवार कधी येतो ते मला चांगलं माहितीये. तिकडे आजी नव्वदीच्या पुढे. मी म्हटलं, चल, आपणच बघू.

शनिवारी दुपारी जेवणं आटोपली, नवऱ्याला पेपरसकट कोपऱ्यात बसवला आणि जुन्या सिस्टीमची सीडी कपाटातून काढली. साड्यांच्या घडीखाली जपून ठेवली होती, मागे तो लांबलचक नंबर चिकटवलेला. नवा कॉम्प्युटर घेताना दुकानदार म्हणत होता, आता सीडी कोण वापरतं, ड्राइव्ह नको. मी भांडून बसवून घेतला होता. तेव्हा सगळे हसले. बसा आता.

कॉम्प्युटर सुरू होताना आधी सीडी वाचायला सांगायचं असतं, त्याचं सेटिंग मुलीने आधी कुरकुर करून मग फोनवर सांगितलं. दोनदा चुकलं, तिसऱ्यांदा निळा पडदा आला. भाषा विचारली, वेळ विचारली, नंबर विचारला, मी भराभर उत्तरं देत गेले. मग पुढचा पडदा आला. कुठल्या डिस्कवर टाकू?

दोन डिस्क. दोघींची साइज सारखी, कारण एकाच दुकानातून, एकाच कंपनीच्या घेतलेल्या. आणि पुढे नावं लिहिलेली. पहिलीचं नाव SHREE. दुसरीचं नाव SHREE.

मी दोन्ही डिस्कना श्री नाव दिलं होतं. नवी वही आणली की पहिल्या पानावर आपण श्री लिहितो की नाही? तसंच डिस्क आणली, नाव विचारलं, मी श्री टाइप केलं. दुसरी आणली, नाव विचारलं, परत श्री. एकीवर माझं सगळं काम, आजीच्या ओव्या धरून. दुसरी कोरी, बॅकअप घ्यायला म्हणून आणली, नाव ठेवून बारसं केलं आणि बॅकअप घ्यायचा राहूनच गेला. आणि पडद्यावर खाली बटण होतं, फॉरमॅट. माझं बोट माऊसवर होतं. खरं सांगते, पहिल्या नावावर टिचकी मारून झाली होती. तेवढ्यात खालचं दुसरं श्री दिसलं आणि हात असा मागे घेतला की माऊस टेबलाखाली गेला.

"काय झाला?" नवरा.

"वाट लागली असती, तेच झालं," म्हटलं.

मुलीला फोन. ती किंचाळलीच. "दोन्ही डिस्कना एकच नाव? आई, तू काय आहेस! दुसरीला निदान श्री दोन तरी म्हणायचं."

"देवाचं नाव आहे ते. त्याला काय नंबर घालायचे, रिक्षा आहे का?"

"आणि त्या ओव्यांची फाईल पेनड्राइव्हवर घेतलीस ना आधी?"

नव्हती घेतली. येणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाला दिवसातून दहादा सांगणारी मी, 'कॉपी काढून ठेवा हो', स्वतः तशीच बसले होते. मुलगी म्हणाली, "बंद कर सगळं. मी येते तेव्हा बघू." तिचा आवाज असा होता की मी तिची आई नसून हातून काच फुटलेली पोरगी आहे. मला आला राग. फोन ठेवला. आधी सीडी काढली, नेहमीची सिस्टीम सुरू केली आणि ती फाईल पेनड्राइव्हवर घेतली. दोन पेनड्राइव्हवर. मग शांत बसून चहा प्यायले आणि विचार केला.

पडद्यावर दोघी सारख्या दिसतायत, ठीक. पण डब्यात तर त्या दोन वेगवेगळ्या वस्तू आहेत ना? मग जिला धक्का लागायला नको तिची वायरच काढून ठेवली तर? जी जोडलेलीच नाही ती पुसली कशी जाईल? घरात रंगकाम काढलं की आपण देव उचलून दुसऱ्या खोलीत ठेवतोच ना, तेवढंच हे.

प्लग काढला, शिलाई मशीनच्या डब्यातला स्क्रू-ड्रायव्हर घेतला आणि झाकण उघडलं. नवऱ्याला उठवून टॉर्च धरायला लावला. तो धरत होता पण तोंड चालूच. "अगो, शॉक लागात. कोणाक तरी बोलवया काय?"

"प्लग काढलाय. टॉर्च नीट धरा, माझ्या डोळ्यांवर नको."

आत दोन डिस्क एकावर एक, जुळ्या बहिणी. कुठली कोणती ते कळायला मार्ग नाही. मग डोकं चाललं. एकीची वायर काढली, कॉम्प्युटर सुरू केला. काळा पडदा, वर इंग्रजीत तक्रार, सिस्टीम सापडत नाही. म्हणजे जिची वायर माझ्या हातात होती तीच कामाची, खालची. बंद केला. परत प्लग काढला. कामाची आता सुटी होती, तिला तशीच ठेवली, सीडी घातली आणि परत पहिल्यापासून सगळी उत्तरं दिली. या वेळी पडद्यावर एकच डिस्क, एकच श्री. मी बिनधास्त फॉरमॅट दाबलं.

सिस्टीम बसायला तासभर गेला. मधे दोनदा कॉम्प्युटर आपणहून बंद होऊन सुरू झाला, दोन्ही वेळा नवरा म्हणाला, "गेला." गेला नाही. संध्याकाळच्या उन्हात पडद्यावर ते जुनं, ओळखीचं चित्र उभं राहिलं. अक्षरं मोठीमोठी, रंग भडक, पण उभं राहिलं. पुसलेल्या डिस्कला नाव विचारलं तेव्हा बोटं सवयीने एस वर गेली होती. थांबवली. नाव दिलं JUNI.

मग सॉफ्टवेअर टाकलं. मागे लॉक खोचलं. आणि त्याच्यातला बारका हिरवा दिवा लागला. पाच वर्षं तो दिवा बघितला नव्हता हो मी! खुर्चीवरून उठले आणि एकटीच टाळ्या वाजवल्या. कामाची डिस्क परत जोडली, सुरू करताना एक बटण दाबून जुनी सिस्टीम निवडली, झाकण लावलं, चारही स्क्रू घट्ट केले. एकसुद्धा उरला नाही. रिपेरिंगवाल्याकडून आलेल्या मशीनमधून नेहमी एक तरी गायब असतो.

फाईल उघडली. क्षणभर चौकोन दिसले, फॉन्ट घातल्यावर मराठी झाली. शेवटची पानं काढली आणि बोट ठेवून मोजल्या. एकोणीस. सगळ्या. मी मोठ्याने वाचायला लागले आणि तिसऱ्या-चौथ्या ओवीला मला रडू फुटलं. नवरा टॉर्च हातात घेऊन तसाच उभा, दिवसाउजेडी चालू. मग तो बाहेर गेला आणि खिडकीतून मला ऐकू आलं, शेजाऱ्याला सांगत होता, "आमच्या बायलेन केल्यान. एकटीन." तीस वर्षांच्या संसारात या माणसाने माझ्या कामाबद्दल तिसऱ्याला चांगलं सांगितलेलं मी पहिल्यांदा ऐकलं. मुलीला फोटो पाठवला. तिचं उत्तर आलं, "आई झकास!!! कसं केलंस?" मी लिहिलं, "रविवारी ये, शिकवते."

ओव्या नव्या फॉन्टमध्ये आणल्या, एकेक ओळ जुन्याशी ताडून बघितली. दादा येऊन दोन दिवस शेजारी बसले. छापखान्याला फाईल पाठवली आणि फोन करून छापखानावाल्याकडून शेवटची ओवी मोठ्याने वाचून घेतली. तो माणूस वैतागला. वैतागू दे.

पुस्तकं आली त्या दिवशी दादा म्हणाले, "तुम्हीच चला ताई, तुम्हीच द्या तिच्या हातात." दहिसरला नदीच्या बाजूला त्यांची खोली आहे. आजी खाटेवर उशीला टेकून बसली होती, पार वाळलेली, डोळ्यांत मोतीबिंदू. मी कोण ते तिला कळलं नाही. दादांनी ओळख सांगितली, तिने मान हलवली, पण ती कुणालाही हलवली असती. मी खाटेच्या कडेला बसले आणि वाचायला सुरुवात केली. जात्यावरच्या वाचल्या, ती पेंगत होती. मग पान उलटलं.

इमारत झाली पुरी, गेटाला लागलं कुलूप
वाचमन हटकी मला, बघून माझं रूप

आजीने डोळे उघडले. "माझी हाय ही."

"हो आजी. घमेल्याच्या ना तुमच्या. पुस्तकात आल्यात."

ती माझ्याकडे जरा रागानेच बघायला लागली. "आल्यात म्हंजी? त्या कवाच आल्यात. टाइपवाली बाई व्हती एक, चारकोपची. म्या तिला इचारलं व्हतं. ती म्हनली, आल्या."

दादा खिडकीतून बाहेर बघायला लागले. मुलाचं लग्न तिला आठवत नव्हतं, नातवाचं नाव आठवत नव्हतं, आणि माझा तो एक शब्द तिने वीस वर्षं धरून ठेवला होता.

"बरोबर आहे आजी," मी म्हटलं, "म्हनली होती ती."

"मंग कुटं हायेत? दाव."

मी तिचं बोट हातात घेतलं आणि एक्केचाळिसाव्या पानावर, पहिल्या ओळीवर ठेवलं. "इथे आजी," म्हटलं. "इथून सुरू होतात."